केंद्रातली पोरगी

सापारगेल्दी याशुलींना चहा हवा असला की ते सामोवाराशी बोलत. "या घरात पूर्वी चहा मिळायचा म्हणे," ते त्या पितळी भांड्याकडे बघून म्हणत, आणि दाराशी बसलेली सून, तुवाक, उठून त्यांची किटली भरून आणी. याशुली म्हणजे वडीलधारे. आमच्या तुर्कमेन गावांत पिकल्या दाढीच्या कुठल्याही माणसाला याच नावानं हाक मारतात. सासऱ्यानं सुनेकडे थेट बघायचं नाही, तिच्याशी थेट बोलायचं नाही, आणि सुनेनं तर तोंडच उघडायचं नाही. डोक्यावरच्या रुमालाचं टोक दातांत धरून ओठ झाकायचे आणि सासरा समोर आहे तोवर ते सोडायचं नाही. याला याश्माक म्हणतात. गोंबद शहरातल्या मुली हल्ली याला हसतात. हसोत बापड्या. तुवाकला काही हसू येत नसे, कारण तिची दोन्ही मुलं शाळेत जायला लागली तरी तिचा आवाज सासऱ्यानं एकदाही ऐकला नव्हता.

तिला मात्र त्यांचा आवाज तोंडपाठ होता. खर्जातला, जरा घोगरा, घोड्यांबद्दल बोलताना एकदम कोवळा होणारा. तुवाकचे स्वतःचे वडील ती रांगत होती तेव्हाच गेले. चेहरा निदान एका फोटोत तरी होता. आवाज कशातच नव्हता. लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणी नवऱ्याचं रूप विचारत होत्या आणि हिला आनंद कशाचा, तर त्या घरात वडील आहेत याचा. सासरी आल्यावर कळलं की वडील आहेत, पण ते काचेपलीकडे ठेवल्यासारखे. समोर दिसतात, ऐकू येतात, आणि आपण त्यांना साधं "जेवलात का" विचारू शकत नाही. हे तिला जितकं खुपलं तितकं दुसरं काही खुपलं नाही.

तिचे वडील घास अडकून गेले होते. आमच्या या गवताळ पट्ट्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आधी भाकरी अडते, मग भात, मग पाणी. माणूस वाळत जातो आणि एक दिवस अंगणात पुरुषमंडळी गोळा होतात. म्हातारे म्हणायचे, वाळवंटातून येणारा वारा बाधतो. कुणी म्हणायचं, नशीब. मग या रोगाचा, अन्ननळीच्या कर्करोगाचा, माग काढायला गोंबदला एक केंद्र निघालं. डॉक्टर आले, गावागावांतून चाळिशीपुढची माणसं गोळा केली आणि त्यांना नको नको ते विचारायला लागले. काय खाता, काय ओढता, दात किती उरले, घरात चूल कुठली. रक्त घेतलं ते ठीक, पण नखंसुद्धा कापून नेली. बायका म्हणाल्या, नखं नेऊन करणी करणार हे लोक. आणि सगळ्यात गंमत म्हणजे त्यांना आमचा चहा मोजायचा होता. किती कप, हे नव्हे. किती गरम, हे.

या कामाला लिहितावाचता येणाऱ्या, आमची भाषा बोलणाऱ्या बायका हव्या होत्या, आणि केंद्राची गाडी गावापर्यंत यायची. तुवाकनं नवऱ्याकरवी घरात विचारलं. नवरा याझमुराद ट्रॅक्टर चालवायचा. माणूस चांगला, पण दोन वाक्यांच्या वर बोलला की दमायचा. सासू बोस्तान-एजे उखडलीच.

"घरात मुकी आणि बाहेर पोपट? लोक तोंडात शेण घालतील!"

याशुलींनी सामोवाराकडे बघितलं. "बाहेर बोललेलं घरात ऐकू येत नाही," ते त्याला म्हणाले. "जाऊ दे तिला. कुठंतरी बोलू दे."

ते शेवटचे तीन शब्द तुवाकनं कितीतरी दिवस जपून ठेवले.

आणि मग ती बोलली! परक्या गावांतल्या परक्या म्हाताऱ्यांसमोर बसून, तोंडावर काही न घेता, तिनं त्यांना काय नाही विचारलं? एका किटलीतून दोन कप भरायचे, एकात तापमापी ठेवायची, दुसरा म्हाताऱ्यापुढे. "आता पिता का, आजोबा?" "अगं, पितो कसला, हा तर निवला!" अशी खडाजंगी. अफू घेता का, हे विचारल्यावर आधी संताप आणि मग हळूच होकार. कुणी तिला दूध पाजलं, कुणी हाकललं, कुणी आपल्या मेलेल्या बायकोची आठवण काढून रडलं. दिवसभर लोकांच्या सासऱ्यांशी बोलून ती संध्याकाळी गाडीतून उतरायची, आणि स्वतःच्या अंगणात पाय टाकताना रुमालाचं टोक दातांत घ्यायची.

कढत चहानं अन्ननळी पोळत राहते आणि त्यातून हा रोग लागतो, असं डॉक्टर म्हणत; हे शिकलेलं ती घरी एकाच वाटेनं आणू शकत होती, चहाच्या. आमच्याकडे प्रत्येकाची किटली वेगळी असते, त्यामुळे सासऱ्यांची किटली तिच्याच हातात. ती स्वयंपाकघरात चहा दोनदा या भांड्यातून त्या भांड्यात करी, जरा थांबे, मग नेऊन ठेवी. याशुली एक घोट घेत आणि सामोवाराला विचारीत, "बाबा रे, तुझी आग विझली की तू म्हातारा झालास?" किटली परत. तुवाक पुन्हा भरून आणी, वाफाळती. घरातलं त्यांचं दोघांचं संभाषण ते एवढंच.

त्या वसंतात तिला भाकरीच्या कडा सापडायला लागल्या. तंदूरमधून काढलेल्या चोरेकची जाड, खरपूस कड ही याशुलींची आवडती. नातवंडांनी मागितली तरी देत नसत. आता जेवण झाल्यावर ती सुफरा, म्हणजे जेवायचं फडकं, झटकायला उचली, तर खाली कडा. भाकरी टाकणं हे आमच्याकडे पाप, म्हणून टाकलेल्या नव्हत्या, लपवलेल्या होत्या. मग तिनं नीट बघायला सुरुवात केली. प्रत्येक घासामागे पाण्याचा घोट. मधेच थांबणं, छातीवर मूठ ठेवणं, आणि कुणी बघतंय वाटलं की दाढी कुरवाळल्याचं सोंग. हे सगळं ती परक्या घरांत ओळखायची आणि लगेच डॉक्टरांना सांगायची. इथं तिनं ते नवऱ्याच्या कानावर घातलं, आणि त्यानं आईच्या.

याझमुराद म्हणाला, "वय झालं त्यांचं."

बोस्तान-एजे म्हणाली, "तुझ्या केंद्रानं तुला सगळीकडे तेच दिसायला लागलंय. आणि सासऱ्याच्या ताटात डोळे घालतेस? लाज नाही वाटत?"

केंद्राची एक पद्धत होती. नाव नोंदलेल्या प्रत्येकाला वर्षातून एकदा फोन. जिवंत आहात का हे सभ्यपणे विचारायचं, कुठं दुखतंखुपतं का ते विचारायचं, आणि काही वाटलं तर तपासणीला बोलवायचं. नियम असा की आपल्या घरच्या माणसाला आपण फोन करायचा नाही. घरच्यांना कुणी खरं सांगत नाही. सापारगेल्दींना दर वर्षी मायसा फोन करायची आणि ते दर वर्षी "ठणठणीत" म्हणून ठेवून द्यायचे. मायसा ही तुवाकच्या शेजारच्या टेबलावरची, तोंडाची फटकळ, मनाची मऊ.

"या वेळी मला करू दे," तुवाक म्हणाली.

"वेडी झालीस? आवाज ओळखतील ना!"

"कुठला आवाज?" तुवाक म्हणाली.

मायसाला समजायला क्षणभर लागला. मग तिनं उठून आपली खुर्ची तुवाकला दिली.

घरचा फोन बैठकीच्या खोलीत होता आणि तो उचलायचा मान याशुलींचा. "हां," पलीकडून तो घोगरा आवाज आला. तुवाकचा हात आपोआप रुमालाच्या टोकाकडे गेला, तो तिनं दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

"सलाम अलेकुम, याशुली. केंद्रातून बोलतेय. तब्येत कशी आहे?"

"अलेकुम सलाम. ठणठणीत. तुमचे डॉक्टर कसे आहेत? अजून चहात काड्या घालून बसतात का?"

तिला हसू आलं, आणि तेही त्यांना ऐकू गेलं. जन्मात पहिल्यांदा.

"गिळताना काही त्रास?"

"नाही."

"भाकरी अडते का?"

"अगं, या वयात भाकरीच अडते असं नाही, सगळंच अडतं."

"मग कडा सुफऱ्याखाली का ठेवता?"

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. हा प्रश्न केंद्राच्या कुठल्याच कागदावर नव्हता. 

"कुणाची गं तू?" याशुलींनी हळूच विचारलं. आमच्याकडे हा पहिला प्रश्न. याला सात पिढ्यांसकट उत्तर द्यायचं असतं आणि त्यात खोटं बोलायचं नसतं.

"केंद्राची," ती म्हणाली.

"केंद्राला बाप असतो का?"

"नाही. मलाही नाही. घास अडकून गेले ते. म्हणून विचारतेय, याशुली. लवकर आलं तर डॉक्टर काही करू शकतात. उशीर झाल्यावर सगळेच येतात."

मग म्हातारा बोलायला लागला. थोरला भाऊ कसा गेला ते. शेवटी त्याला पाण्याचं भांडंसुद्धा डोळ्यांसमोर नको झालं होतं ते. स्वतःला भीती वाटते ते. छातीत जळतं म्हणून वाटाण्याएवढी अफू घेतो, घोड्याच्या खोगिराच्या पिशवीत ठेवतो, बायकोलाही माहीत नाही ते. "घरात कुणाला सांगू नकोस, पोरी. परक्याला सांगता येतं, म्हणून सांगतोय."

"नाही सांगणार."

"तू म्हणतेस म्हणून येतो. तिथं असशील ना?"

"असेन," तुवाक म्हणाली, आणि फोन ठेवून टेबलावर डोकं टेकून रडली. भीतीनं रडली हे खरं. पण वडील आपल्याशी इतकं बोलले, याचाही आनंद त्यात होता, आणि त्या आनंदाची तिला लाज वाटली.

तपासणीच्या दिवशी याझमुरादनं वडिलांना ट्रॅक्टरवरून आणलं. सून रीतीप्रमाणे तोंडात रुमाल धरून त्यांच्या मागे उभी. याशुलींनी घशातून तपासणीची नळी घालून घेतली, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि उठल्या उठल्या डॉक्टरांना विचारलं, "ती फोनवाली पोरगी कुठाय?"

"रजेवर आहे," मायसानं ठोकून दिलं.

याशुलींनी सगळ्या खोलीवर नजर फिरवली. ती सुनेवरूनही गेली, थांबली नाही.

रोग होता, पण लवकर सापडला होता. गोर्गानच्या मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली, मग महिनाभर किरणांचा शेक. अन्ननळीचा रोगट भाग कापून पोट अर्धं वर ओढून जोडलं. माणूस निम्मा झाला. पण भाकरी खाली उतरायला लागली. ज्यांना उपचार मिळाले त्यांचं पुढे काय होतं हे केंद्राला बघायचं असतं, म्हणून आता फोन वरचेवर करायचे होते. ती यादी मायसानं तुवाककडे सरकवली.

फोनच्या दिवशी याशुली दाढी विंचरून बैठकीत बसत. बोस्तान-एजेच्या तळपायाची आग मस्तकात जाई. "मी सांगते चहा निववून प्या, तर मी कजाग. ती बया फोनवर सांगते, तर यांना लगेच पटतं! कोण आहे कोण ती सटवी?"

"केंद्रातली पोरगी आहे," याशुली सांगत. आणि खरंच निवलेला चहा पीत, सामोवाराला एका शब्दानं न दुखावता.

फोनवर वजन किती, घास कसा, हे दोन मिनिटांत व्हायचं. मग घोडे. गव्हाला पाऊस लागला ते. एकदा त्यांनी विचारलं, "तुला सासरा आहे?"

"आहे."

"कसा आहे?"

"बरा आहे. जरा हट्टी आहे."

ते खोकला येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "माझी सून गुणी आहे. एवढी वर्षं घरात वावरतेय आणि मला तिचा आवाज माहीत नाही. आम्ही म्हातारेही मूर्खच. आता सांगायचं तरी कसं, की बाई, बोल?"

"रीत आहे ना. एक रुमाल आणायचा, आणि सांगायचं," तुवाक म्हणाली. 

त्यांनी खरंच आणला. गोंबदच्या बाजारातला, डाळिंबी रेशमाचा, मोठाल्या फुलांचा. ईदच्या जेवणानंतर सगळ्यांसमोर तिच्या खांद्यावर टाकला आणि सामोवाराकडे न बघता, तिच्याकडे बघून म्हणाले, "पोरी, याश्माक सोड. या घरात बोल."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तुवाकनं तोंड उघडलं. आणि त्याच क्षणी तिच्या डोक्यात आलं की पहिला शब्द निघाला की यांना कळेल. ती अफू, ती भीती, बायकोपासून लपवलेलं ते सगळं. परक्या मुलीला म्हणून सांगितलं, आणि ती परकी मुलगी रोज आपलं ताट उचलते हे कळेल. त्यांची मान कायमची खाली जाईल. परत ते तसे कधी बोलणार नाहीत, इथंही नाही आणि फोनवरही नाही. तिनं वाकून नव्या रुमालाला डोळे लावले, आणि त्याचंच टोक ओठांवर घेतलं.

"दगड आहे दगड!" बोस्तान-एजे म्हणाली.

याशुली उठून घोड्यापाशी गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. तुवाक तंदूरच्या आडोशाला जाऊन रडली. घरात हाताच्या अंतरावर माणूस, आणि त्याच्याशी दोन शब्द बोलायला तिला गाडी करून गोंबदला जावं लागणार होतं.

त्यानंतर चार सुग्या त्यांना मिळाल्या. आमच्याकडे या रोगात एवढं मिळणं म्हणजे खूप. डॉक्टर दुसऱ्या रोग्यांना त्यांचं उदाहरण सांगत. मग रोग परतला, गळ्याशी. आधी आवाज बसला, मग नुसता वाराच उरला. शेवटचा फोन तुवाकनं केला तेव्हा पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता. ती एकटीच बोलली, हवेबद्दल, गव्हाबद्दल. ठेवू का, असं विचारलं तर त्यांनी फोन ठेवला नाही. तिनंही ठेवला नाही. शेवटी बैठकीतून बोस्तान-एजेचा आवाज आला, "द्या इकडे, हात भरून येईल," आणि फोन बंद झाला.

तुवाकनं रजा घेतली आणि घरी राहिली. डॉक्टरांनी आता बोलावण्यात अर्थ नाही असं सांगितलं होतं. त्या शुक्रवारी पुरुष नमाजला गेले होते, मुलं शाळेच्या मैदानावर होती, बोस्तान-एजे शेजारी दही आणायला गेली होती. याशुली नमद्यावर, लोकरीच्या जाड बैठकीवर, पडले होते, डोळे मिटून. डोक्याखालची उशी सरकली होती आणि मान अवघडली होती. तुवाक दाराशी, तिच्या नेहमीच्या जागी, रुमाल दातांत.

आता नाही, तर मग नाहीच, हे तिला कळत होतं. ओळखतील, ओशाळतील, राग करतील. काय व्हायचं ते होऊ दे. आपण ज्यांना मनातल्या मनात वडील म्हणत आलो, ते आपला आवाज या घरात न ऐकता चालले आहेत, यापेक्षा त्यांचा राग बरा. तिनं रुमाल सोडला. पण यांच्याशी बोलायला सुरुवात कशी करायची? तिला एकच सुरुवात येत होती.

"सलाम अलेकुम, याशुली," ती म्हणाली. "केंद्रातून बोलतेय."

त्यांनी डोळे उघडले. दचकले नाहीत, इकडेतिकडे बघितलं नाही. ओठ हलले. ती धावत जवळ गेली आणि कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"केंद्र पुरे," तो वारा म्हणाला. "आता घरातून बोल."

तुवाकनं मान वर करून त्यांच्या डोळ्यांत बघितलं. म्हणजे यांना माहीत होतं. कडांचं विचारलं त्या दिवसापासून माहीत होतं. अफूचं सांगितलं ते परक्या मुलीला नव्हे. रुमाल आणला तो कुठल्या आवाजासाठी हे जाणून आणला होता, आणि ती बोलली नाही तेव्हा घोड्यापाशी जाऊन उभे राहिले होते. एवढी वर्षं! तिला ओरडून रडावंसं वाटलं, विचारावंसं वाटलं की मग तुम्ही का नाही बोललात. पण घरातून बोल म्हणाले होते, आणि घरात माणसं एकमेकांशी काय बोलतात ते तिला माहीत होतं. रात्रंदिवस तेच तर तिला हवं होतं.

"उशी वर घेऊ का?" तिनं विचारलं.

"घे," ते म्हणाले.

तिनं मान उचलून उशी नीट केली. "आता बरं आहे?"

"बरं आहे."

मग ती त्यांना सांगायला लागली, की काळी मेंढी लंगडतेय, धाकट्यानं शाळेत पाटी फोडली, तंदूरला उजवीकडून चीर गेलीय, ती लिंपायला हवी. ते ऐकत होते. मधूनमधून मान हलवत होते. दह्याचं भांडं घेऊन बोस्तान-एजे दारात आली आणि तिथंच थबकली. तुवाकनं वळून पाहिलं, पण रुमालाला हात लावला नाही. याशुलींनी दोन बोटं किंचित उचलून बायकोला गप्प राहायची खूण केली, आणि सुनेकडे बघितलं, की पुढे सांग.